मेम्स फेज शिफ्टर आणि बीम वळवणारे मायक्रोवेव्ह अँटेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीचे विद्यार्थी, हौशी रेडिओवाले आणि रडार किंवा उपग्रह-संपर्काच्या कामात नव्याने आलेले इंजिनिअर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मेम्स म्हणजे चिपसारखी घडवलेली, हलणारे भाग असलेली सूक्ष्म यंत्रे. बीम म्हणजे अँटेनातून एका दिशेला जाणारा लहरींचा झोत, आणि तो वळवण्यासाठी सिग्नलची फेज बदलणारा भाग म्हणजे फेज शिफ्टर. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून मधे मधे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान प्रश्न ७ वाचाच, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज तिथेच सुटतात.

१. अँटेना जागचा हलत नाही, तरी बीम वळतो कसा?

एका मोठ्या तबकडीऐवजी पुष्कळ छोटे अँटेना ओळीत किंवा चौकटीत बसवलेले असतात. या समूहाला अ‍ॅरे आणि त्यातल्या प्रत्येक अँटेनाला घटक म्हणतात. सगळ्यांना एकच सिग्नल मिळतो, पण प्रत्येकाची फेज (लहर आपल्या आवर्तनात कुठे आहे, ते अंशांत) शेजाऱ्यापेक्षा ठरावीक अंशांनी मागे ठेवलेली असते. या सगळ्या लहरी ज्या दिशेला एकमेकींशी जुळतात तिकडे ऊर्जा एकवटते, बाकीच्या दिशांना त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. फेजमधला फरक बदलला की जुळण्याची दिशा बदलते, म्हणजेच बीम वळतो.

हिशोब सोपा आहे. शेजारच्या दोन घटकांत अर्ध्या तरंगलांबीचे अंतर असेल, तर लागणारा फेजचा फरक म्हणजे १८० अंश गुणिले वळवायच्या कोनाचा साइन. बीम ३० अंश वळवायचा असेल तर फरक ९० अंशांचा, १० अंश वळवायचा असेल तर सुमारे ३१ अंशांचा. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटिमीटर असते, म्हणून घटक दीड सेंटिमीटरवर बसतात. फेज शिफ्टरलाही तेवढ्याच जागेत मावावे लागते, आणि ही अट पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ आहे.

२. फेज शिफ्टरमध्ये मेम्स नेमके काय करते? फेज तेच बदलते का?

बहुतेक रचनांमध्ये नाही. मेम्स हा फक्त स्विच असतो (काही रचनांमध्ये बदलता येणारा कपॅसिटर). फेज बदलते ती सिग्नलच्या वाटेची लांबी किंवा त्या वाटेवरचा भार बदलल्यामुळे.

स्विच म्हणजे ट्रान्समिशन लाइनच्या वर साधारण २ ते ४ मायक्रॉन अंतरावर अधांतरी धरलेली धातूची पातळ पट्टी. तिच्या एका किंवा दोन्ही टोकांना आधार असतो. खालच्या इलेक्ट्रोडवर व्होल्टेज दिले की स्थितिक विद्युत आकर्षणाने पट्टी खाली येते आणि जोडणी होते. व्होल्टेज काढले की ती स्वतःच्या ताठपणामुळे परत वर जाते. हे सगळे सिलिकॉन, काच किंवा क्वार्ट्झच्या वेफरवर, चिप बनवतात त्याच छायामुद्रण तंत्राने घडवले जाते. पट्टीखाली आधी एक तात्पुरता थर असतो, तो शेवटी विरघळवून काढतात आणि पट्टी मोकळी होते.

३. ३-बिट, ४-बिट म्हणजे काय? किती बिट पुरतात?

प्रत्येक बिट फेजची एक ठरावीक उडी देतो. ४-बिट शिफ्टरमध्ये १८०, ९०, ४५ आणि २२.५ अंशांचे चार टप्पे असतात. ते हवे तसे चालू-बंद करून ० ते ३३७.५ अंशांपर्यंत १६ फेज मिळतात. ३-बिटमध्ये सर्वांत लहान पायरी ४५ अंशांची, ५-बिटमध्ये ११.२५ अंशांची.

पायऱ्या ठोकळ असल्यामुळे बीमच्या मध्याचा जोर थोडा कमी होतो. २ बिटांत ही घट सुमारे ०.९ डेसिबल, ३ बिटांत सुमारे ०.२३ आणि ४ बिटांत अवघी ०.०६ डेसिबल असते. म्हणजे जोरापुरते पाहिले तर ३ बिटही पुरेसे आहेत. खरा त्रास नको असलेल्या दिशांना डोके वर काढणाऱ्या लोबचा, म्हणजे छोट्या बीमचा, होतो. पायऱ्यांची चूक घटकांच्या ओळीत नियमितपणे पुन्हा पुन्हा आली की हे लोब चढतात. प्रत्येक जादा बिटामागे ते साधारण ६ डेसिबलने खाली येतात. दुसरा उपाय फुकटचा आहे: कोणत्या घटकाची फेज वरच्या पायरीला न्यायची आणि कोणाची खालच्या, यात मुद्दाम अनियमितपणा आणायचा, म्हणजे चूक एका दिशेला न साचता सगळीकडे पसरते. मेम्समध्ये प्रत्येक बिट लॉस (वाटेत वाया जाणारी ऊर्जा) वाढवतो, म्हणून ५ बिटांच्या मागे लागण्याआधी ३ किंवा ४ बिट आणि हा उपाय जोडीने तपासून पाहावा.

४. पट्टी खाली ओढायला ३०-४० व्होल्ट का लागतात? ३.३ व्होल्टवर चालवता येणार नाही का?

पट्टी खाली येऊ लागते तसे आकर्षण झपाट्याने वाढते, पण पट्टीचा विरोध सरळ प्रमाणातच वाढतो. अंतर मूळच्या एक तृतीयांशाने कमी झाले की तोल सुटतो आणि पट्टी एकदम खाली आदळते. त्या क्षणाच्या व्होल्टेजला पुल-इन व्होल्टेज म्हणतात. त्याचा वर्ग पट्टीच्या ताठपणाच्या आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर इलेक्ट्रोडच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो.

आकडे घालून पाहू. ताठपणा मीटरमागे २० न्यूटन, अंतर ३ मायक्रॉन, इलेक्ट्रोड १०० गुणिले १०० मायक्रॉन. उत्तर येते सुमारे ४२ व्होल्ट. अंतर २ मायक्रॉन केले तर ते २३ व्होल्टवर येते.

पट्टी लवचिक करून व्होल्टेज आणखी खाली आणता येते, पण तसे करू नका. लवचिक पट्टी वर परतताना कमजोर पडते, खाली चिकटून राहण्याची भीती वाढते (प्रश्न १२), आणि ती हळूही होते. कमी व्होल्टेजच्या हौसेपायी रचना बिघडवण्यापेक्षा ३.३ व्होल्टवरून ८० व्होल्टपर्यंत चढवणारा छोटा चार्ज पंप जवळ बसवणे कधीही शहाणपणाचे. बाजारातल्या काही स्विचमध्ये हा पंप पॅकेजमध्येच येतो.

५. एवढे व्होल्टेज म्हणजे वीजही खूप खात असेल?

नाही. पट्टी आणि इलेक्ट्रोड मिळून एक छोटा कपॅसिटर होतो. तो भरला जातानाच क्षणभर करंट वाहतो, नंतर जवळपास काहीच नाही. पट्टी तासभर खाली धरली तरी खर्च नगण्य असतो. पिन डायोडला (अर्धवाहकाच्या स्विचला) चालू राहण्यासाठी सतत काही मिलिअँपिअर करंट लागतो, आणि हजारो घटकांच्या अ‍ॅरेमध्ये ती बेरीज मोठी होते.

६. पिन डायोड आणि गॅलियम आर्सेनाइडचे ट्रान्झिस्टर असताना मेम्सची गरज काय?

स्विचची गुणवत्ता दोन गोष्टींवर मोजतात: चालू असताना विरोध किती, आणि बंद असताना कपॅसिटन्स किती. दोन्ही जितके कमी तितके चांगले. यांच्या गुणाकारातून कटऑफ फ्रिक्वेन्सी काढतात. मेम्स स्विचचा विरोध १ ओहम आणि बंद स्थितीतला कपॅसिटन्स ४ फेम्टोफॅरड धरला तर ती सुमारे ४० टेराहर्ट्झ येते. पिन डायोड आणि ट्रान्झिस्टर स्विच साधारण १ ते ४ टेराहर्ट्झच्या आसपास असतात. कारण उघड आहे: मेम्समध्ये चालू असताना धातूला धातू टेकतो, आणि बंद असताना मधे हवा असते. अर्धवाहकात या दोन्ही गोष्टी तडजोडीच्या असतात.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण माझ्या मते तो तेवढाच मोलाचा आहे. मेम्स स्विच जवळजवळ पूर्ण रेषीय असतो. दोन जोरदार सिग्नल एकत्र आले तर डायोड आणि ट्रान्झिस्टर त्यांच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी तयार करतात. पट्टीला मायक्रोवेव्हच्या वेगाने हलताच येत नाही, म्हणून ती असे मिश्रण जवळपास करत नाही.

७. एक-दोन डेसिबल लॉस वाचला तर एवढा काय फरक पडतो?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: तुमच्या अँटेनात प्रत्येक घटकामागे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आहे का?

आधी तो नसलेला, म्हणजे पॅसिव्ह अ‍ॅरे घ्या. एकच मोठा ट्रान्समीटर, त्याची पॉवर वाटून शेकडो फेज शिफ्टरमधून अँटेनाकडे जाते. इथे शिफ्टरमध्ये गेलेली ऊर्जा कायमची गेली. १ डेसिबल म्हणजे सुमारे २० टक्के, ३ डेसिबल म्हणजे निम्मी. रडारमध्ये तोच सिग्नल परत येतानाही त्याच शिफ्टरमधून जातो, म्हणजे घट दुप्पट मोजायची. एका वाटेत ३ डेसिबल वाचले तर येऊन-जाऊन ६ डेसिबल वाचतात, आणि तेवढ्यावर रडारचा पल्ला सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. पल्ला तोच ठेवायचा असेल तर ट्रान्समीटर चौथाई पॉवरचा चालतो. शिवाय सिग्नल घेताना पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी झालेली प्रत्येक डेसिबलची घट जशीच्या तशी गोंगाटात भर घालते.

एक प्रत्यक्ष आकडा सांगतो. १९९९ मध्ये रेथिऑनच्या गटाने ३४ गिगाहर्ट्झवरच्या ४-बिट मेम्स शिफ्टरचा सरासरी लॉस २.२५ डेसिबल दाखवला. म्हणजे जवळपास ६० टक्के ऊर्जा पार झाली. त्याच पट्ट्यात ट्रान्झिस्टर स्विचवर बांधलेल्या शिफ्टरमध्ये ६ डेसिबल किंवा त्याहून जास्त लॉस होणे नेहमीचे होते, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा पार. त्या काळी या तंत्राने एवढी खळबळ का माजवली ते यावरून कळेल.

आता अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅरे. इथे प्रत्येक घटकामागे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि कमी गोंगाटाचा रिसीव्हर अ‍ॅम्प्लिफायर असतो. पाठवताना फेज शिफ्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी येतो, घेताना नंतर. त्याचा लॉस ६ डेसिबल असला तरी थोडे जास्त प्रवर्धन करून तो भरून निघतो. अशा अँटेनात मेम्सचा मोठा गुण वाया जातो आणि त्याच्या अडचणी मात्र पदरात पडतात. म्हणून कोणी 'माझ्या अ‍ॅरेत मेम्स लावू का?' असे विचारले, की आधी अ‍ॅम्प्लिफायर कुठे आहेत ते विचारावे.

८. पॅसिव्ह अ‍ॅरेमध्ये फेराइटचे (चुंबकीय सिरॅमिकचे) शिफ्टर अनेक वर्षे चालतातच की. मग मेम्स कशाला?

चालतात, आणि उत्तम चालतात. आकाश क्षेपणास्त्रासाठीचे भारतीय राजेंद्र रडार पॅसिव्ह अ‍ॅरेच आहे, आणि त्याचे फेराइट फेज शिफ्टर दिल्ली आयआयटीत विकसित झाले. फेराइटचा लॉस कमी असतो आणि तो भरपूर पॉवर सोसतो. पण तो जड असतो, एकेक करून बनवावा आणि जुळवावा लागतो, फेज बदलायला करंटचा ठोका द्यावा लागतो, आणि तापमानाप्रमाणे त्याचे वागणे बदलते. वजन आणि खर्च यांची तितकी पर्वा नसलेल्या जमिनीवरच्या रडारसाठी फेराइट आजही योग्य उत्तर असू शकते. मेम्सचे आकर्षण आहे ते ड्रोन, छोटे उपग्रह आणि विमानांसाठी, जिथे प्रत्येक ग्रॅम मोजला जातो.

फेराइटच्या कड्यावर बांधलेले शिफ्टर पाठवताना आणि घेताना वेगळी फेज देतात, म्हणून दर पल्सनंतर त्यांना नव्याने सेट करावे लागते. मेम्स दोन्ही दिशांना सारखाच वागतो.

९. मेम्स फेज शिफ्टरचे प्रकार कोणते?

स्विच्ड लाइन हा सर्वांत सरळ प्रकार: दोन वेगळ्या लांबीच्या वाटा आणि त्यांतली एक निवडणारे स्विच. ४-बिटसाठी एक-दोन वाटांचे स्विच वापरले तर सिग्नल आठ चालू स्विचांतून जातो. एक-चार वाटांचे स्विच वापरले तर फक्त चारांतून, म्हणून लॉस कमी. रिफ्लेक्शन प्रकारात सिग्नल ९० अंशांच्या कपलरमधून जाऊन टोकांवरून परावर्तित होतो, आणि त्या टोकांची विद्युत लांबी स्विचने बदलतात. हा आटोपशीर असतो.

मला सर्वांत देखणा वाटतो तो तिसरा, डिस्ट्रिब्युटेड लाइनचा प्रकार. एका लाइनवर ठरावीक अंतराने पुष्कळ पट्ट्या टांगायच्या. सगळ्या पट्ट्या थोड्या खाली आल्या की लाइनवरचा कपॅसिटन्स वाढतो, लहरीचा वेग कमी होतो आणि फेज मागे पडते. मिशिगन विद्यापीठात बार्कर आणि रेबीझ यांनी १९९८ मध्ये असा शिफ्टर ६० गिगाहर्ट्झपर्यंत दाखवला. पट्ट्या मधल्या उंचीवर ॲनालॉग पद्धतीने धरणे मात्र नाजूक काम आहे, म्हणून नंतर प्रत्येक पट्टी पूर्ण वर किंवा पूर्ण खाली अशा डिजिटल पद्धतीने वापरली जाऊ लागली.

१०. हे तंत्र किती जुने आहे?

सिलिकॉनवरचे सूक्ष्म यांत्रिक स्विच आयबीएममध्ये १९७९ सालीच दाखवले गेले होते. मायक्रोवेव्हसाठी पहिली ठोस पावले १९९०च्या सुमारास ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत पडली. १९९५च्या आसपास रॉकवेलमध्ये धातू-स्पर्शाचा आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये कपॅसिटिव्ह स्विच तयार झाला. आजच्या बहुतेक रचना या दोन घराण्यांतल्याच आहेत.

११. धातू-स्पर्शाचा आणि कपॅसिटिव्ह, यांतला कोणता निवडावा?

कपॅसिटिव्ह स्विचमध्ये पट्टी आणि लाइन यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो. थेट स्पर्श नाही, म्हणून तो कमी फ्रिक्वेन्सीला निरुपयोगी. साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर तो चांगला चालतो आणि पॉवरही जास्त पेलतो. धातू-स्पर्शाचा स्विच शून्य फ्रिक्वेन्सीपासून ४० गिगाहर्ट्झपर्यंत सरसकट चालतो, पण स्पर्शबिंदू झिजतात. एक्स-बँडच्या (८ ते १२ गिगाहर्ट्झ) फेज शिफ्टरसाठी मी धातू-स्पर्शाकडे झुकेन, ३० गिगाहर्ट्झच्या वर कपॅसिटिव्हकडे.

१२. पट्टी खाली चिकटून बसते म्हणतात. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि या तंत्राची प्रगती सर्वांत जास्त याच अडचणीने रोखली. दोन्ही प्रकारांत कारणे वेगवेगळी आहेत, ती एकत्र करू नयेत.

कपॅसिटिव्ह स्विचमध्ये दोष विद्युतरोधक थराचा. ४० व्होल्ट ०.२ मायक्रॉन जाडीच्या थरावर पडले तर क्षेत्राची तीव्रता सेंटिमीटरमागे २० लाख व्होल्ट होते. एवढ्या ताणाखाली थरात विद्युतभार शिरतो आणि अडकून बसतो. मग व्होल्टेज काढले तरी तो भार पट्टीला धरून ठेवतो, किंवा पुल-इन व्होल्टेज सरकते. म्हणून इथे आयुष्य किती वेळा उघडझाप झाली यापेक्षा पट्टी किती वेळ खाली राहिली यावर ठरते. दर ५ ते ७ व्होल्ट कमी केले की आयुष्य दहापट वाढते, असे २००१च्या सुमाराच्या मोजमापांत दिसले होते. उपाय असे: पट्टी खाली आली की धरण्यापुरतेच कमी व्होल्टेज ठेवायचे, ध्रुव आलटून-पालटून द्यायचे, किंवा सलग थराऐवजी छोटे टेकू ठेवून मधे हवाच राहू द्यायची.

धातू-स्पर्शाच्या स्विचमध्ये दोष पृष्ठभागाचा. सोन्याला सोने टेकले की विरोध कमी मिळतो, पण मऊ सोने एकमेकाला चिकटते. ऱ्होडियम किंवा रुथेनियमसारखे कठीण धातू कमी चिकटतात, पण त्यांना जास्त दाब लागतो आणि त्यांच्यावर सेंद्रिय मळ बसून विरोध वाढतो.

दोन्हींचा समान शत्रू म्हणजे ओलावा. पॅकेज हवाबंद हवेच, आत कोरडा नायट्रोजन. स्विच बनवण्यापेक्षा असे पॅकेज बनवणेच बऱ्याचदा महाग पडते.

१३. मग आयुष्य किती धरायचे?

धातू-स्पर्शाच्या व्यापारी स्विचबद्दल बोलायचे तर, अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने २०१६ मध्ये आणलेल्या स्विचना किमान १०० कोटी उघडझापांची हमी होती. जनरल इलेक्ट्रिकमधून वेगळी निघालेली मेनलो मायक्रो वेगळ्या मिश्रधातूवर आणि काचेच्या वेफरवर भर देते आणि त्याहून मोठे आकडे देते.

आकडा वाचताना एक गोष्ट तपासा: चाचणी सिग्नल बंद ठेवून घेतली की चालू ठेवून? सिग्नल वाहत असताना स्विच उघडला तर स्पर्शबिंदूवर सूक्ष्म ठिणगी पडून धातू सरकतो आणि आयुष्य कितीतरी पटींनी घटते. फेज शिफ्टरमध्ये सुदैवाने दोन पल्सच्या मधे, सिग्नल नसतानाच, फेज बदलता येते. सतत प्रसारण करणाऱ्या संपर्क-यंत्रणेत ही सोय मिळत नाही.

आयुष्याचा हिशोबही करून बघा. दर मिलिसेकंदाला बीम हलवला तर १०० कोटी उघडझापा साडेअकरा दिवसांत संपतात. बीम सेकंदाला एकदा हलवला तर तीच संख्या तीस वर्षांहून जास्त पुरते. हा स्विच कोणत्या कामाचा आणि कोणत्या नाही, ते या दोन आकड्यांवरून ठरवावे.

१४. बीम किती झटपट बदलतो?

मेम्स स्विच साधारण काही मायक्रोसेकंद ते शेकडो मायक्रोसेकंदांत हलतो. प्रश्न ४ मधली पट्टी सोन्याची, ३०० गुणिले १०० मायक्रॉन आणि १ मायक्रॉन जाड धरली, तर तिची नैसर्गिक कंपनसंख्या ३० किलोहर्ट्झच्या जवळ येते आणि हलायला १५ मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. सेकंदाला २,००० पल्स सोडणाऱ्या रडारमध्ये दोन पल्समधे ५०० मायक्रोसेकंद असतात. म्हणजे अंतराची नोंद पूर्ण झाल्यावर, पुढच्या पल्सच्या आधी बीम बदलायला वेळ पुरतो. पण नॅनोसेकंदांत बीम फिरवायचा असेल तर अर्धवाहकांशिवाय पर्याय नाही.

१५. विमानाच्या थरथरीने पट्टी आपोआप खाली येणार नाही का?

नाही. प्रश्न १४ मधल्या पट्टीचे वस्तुमान जेमतेम ०.६ मायक्रोग्रॅम आहे. गुरुत्वाच्या हजारपट धक्का बसला तरी ती ३ मायक्रॉनपैकी सुमारे ०.३ मायक्रॉनच हलते. इंजिनाची थरथर तिच्या कंपनसंख्येच्या खूप खाली असते. यंत्र हलणारे असूनही थरथर ही त्याची खरी चिंता नाही, खरी चिंता आहे तापमानाची. पट्टी आणि वेफर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. दोन्ही टोकांना बांधलेल्या पट्टीत थंडीत ताण वाढून पुल-इन व्होल्टेज चढते, उन्हात ती सैल पडते किंवा वाकते. एकाच टोकाला बांधलेली किंवा नागमोडी आधारांची पट्टी यातून बरीच सुटते.

१६. किती पॉवर सोडता येते? सिग्नलच पट्टी खाली ओढेल असे ऐकले.

ओढू शकतो. आकर्षण व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे सिग्नलचे सरासरी वर्गमूळ (आरएमएस) व्होल्टेज स्थिर व्होल्टेजसारखेच काम करते. ५० ओहमच्या लाइनवर १० वॉट म्हणजे सुमारे २२ व्होल्ट. प्रश्न ४ मधली ४२ व्होल्टची पट्टी सुमारे ३६ वॉटला आपोआप खाली येईल.

आता यातली फसवी जागा. हा हिशोब लाइन नीट जुळलेली असेल तेव्हाचा. बीम खूप बाजूला वळवला की अँटेनाची जुळणी बिघडते आणि ऊर्जा परतू लागते. पूर्ण परावर्तन झाले तर काही ठिकाणी व्होल्टेज दुप्पट होते, आणि ३६ वॉटची मर्यादा ९ वॉटवर येते. म्हणून पॉवरची मर्यादा समोरच्या दिशेला नव्हे, सर्वांत वाईट कोनाला तपासावी.

१७. स्विच्ड लाइन 'ट्रू टाइम डिले' देते, मग बीम फ्रिक्वेन्सीबरोबर सरकणार नाही ना?

अर्धे बरोबर. फेज स्थिर ठेवणाऱ्या शिफ्टरने १० गिगाहर्ट्झला बीम ३० अंशांवर लावला, तर ११ गिगाहर्ट्झला तो २७ अंशांवर जातो. फेजऐवजी वेळेचा विलंब दिला तर दिशा बदलत नाही, हे खरे.

पण ४-बिट शिफ्टरचा विलंब एका तरंगलांबीच्या आतच असतो. १ मीटर रुंद अँटेनाचा बीम ३० अंशांवर न्यायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या मीटरचा, म्हणजे १० गिगाहर्ट्झला जवळपास १७ तरंगलांबींचा विलंब लागतो. आपण ३६० अंश झाले की पुन्हा शून्यापासून मोजतो, आणि तिथेच खरा विलंब हरवतो. म्हणून मोठ्या अँटेनात घटकांच्या गटामागे एक लांब विलंब-लाइन आणि प्रत्येक घटकामागे साधा शिफ्टर अशी दोन पातळ्यांची रचना करतात. लांब विलंबाच्या त्या पातळीवर मेम्सचा कमी लॉस फार उपयोगी पडतो.

१८. हजारो स्विचांपैकी काही बिघडले तर अँटेना निकामी होतो का?

चालू वापरात नाही. हजार घटकांपैकी काहींची फेज चुकली तर साइड लोब थोडे चढतात, बीम टिकतो. खरा प्रश्न कारखान्यातला आहे. ४-बिटच्या शिफ्टरमध्ये १६ स्विच असतील आणि प्रत्येक स्विच ९९ टक्के भरवशाचा असेल, तर पूर्ण शिफ्टर ठीक निघण्याची शक्यता ८५ टक्केच. ९९.९ टक्के केली तर ९८ टक्क्यांवर जाते. शेवटच्या त्या दशांशावर सगळे अर्थकारण उभे आहे.

१९. मग हे खऱ्या अँटेनात कुठे वापरले गेले? ५जी किंवा स्टारलिंकमध्ये आहे का?

ठळक उदाहरण अमेरिकेतल्या रेडंट मेम्सचे. त्यांनी २००७च्या सुमारास एक्स-बँडचा सुमारे ०.४ चौरस मीटरचा अँटेना दाखवला. त्यात २५ हजारांच्या आसपास मेम्स स्विच होते आणि बीम दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत फिरत होता. प्रश्न ७ मधल्या निकषाला धरून बघितले तर हा अचूक वापर होता: पॅसिव्ह, हलका, कमी विजेचा.

५जी आणि स्टारलिंकच्या तबकडीत मात्र सिलिकॉनच्या बीमफॉर्मर चिपा आहेत. एकाच चिपेत अनेक घटकांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि फेज शिफ्टर मावतात, आणि त्या लाखोंच्या संख्येने स्वस्त बनतात. मेम्सचे अग्रणी असलेले रेबीझ यांचा गटही पुढे सान दिएगोत सिलिकॉनच्या अ‍ॅरेकडे वळला. याचा अर्थ मेम्स हरले असा लावणे मला पटत नाही. एकेका स्विचच्या रूपाने ते चाचणी-उपकरणांत आणि फिल्टर निवडणाऱ्या सर्किटांत भक्कम पाय रोवून आहे. फेज शिफ्टर म्हणून त्याची जागा अरुंद आहे, पण त्या जागेत त्याच्याइतके चांगले दुसरे काही मला दिसत नाही.

२०. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीत फेज शिफ्टर आहेत का?

तिथे मेम्स नाही. खोडदच्या परिसरातले ४५ मीटर व्यासाचे तीस अँटेना मोटारींनी वळतात. त्यांचे सिग्नल फेज जुळवून एकत्र करतात ते डिजिटल रूपात आणल्यावर, संगणकावर. तत्त्व प्रश्न १ मधलेच, पण दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या सिग्नलला डिजिटल पद्धत सहज परवडते.

२१. मला यावर प्रकल्प करायचा आहे. महाराष्ट्रात बनवायची सोय आहे का?

मुंबई आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळा बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरता याव्यात म्हणून केंद्र सरकारचा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम सुरू झाला. तुमच्या मार्गदर्शकांमार्फत तिथे प्रस्ताव देऊन बघा. भारतात याच विषयावर दिल्ली आयआयटीत शिबन कौल आणि सुकोमल डे यांनी कु-बँडच्या (१२ ते १८ गिगाहर्ट्झ) ५-बिट मेम्स शिफ्टरपर्यंतचे काम प्रसिद्ध केले आहे. ते आधी वाचा.

पदवीच्या प्रकल्पात संपूर्ण शिफ्टर हाती घेऊ नका. एकच स्विच घ्या, त्याचे पुल-इन व्होल्टेज हाताने काढा, मग कॉमसॉल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये तपासा आणि त्याचे मायक्रोवेव्ह वागणे एचएफएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा.

२२. सिम्युलेशनमध्ये २५ व्होल्ट, प्रत्यक्षात ४०. चूक कुठे?

बहुधा सूत्रात नाही, धातूच्या थरात उरलेल्या ताणात. थर बसवताना तापमान आणि वेग जसा असेल तसा पट्टीत ताण गोठून राहतो, आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या पट्टीचा ताठपणा पुष्कळदा तोच ठरवतो. एकाच टोकाला बांधलेली पट्टी वरच्या बाजूला वळलेली असेल तर अंतरच जास्त असते, आणि अंतराचा परिणाम घनाने होतो. म्हणून पट्टीची खरी उंची ऑप्टिकल प्रोफाइलोमीटरवर मोजा, आणि तो आकडा घालून सूत्र पुन्हा चालवा.

२३. प्रयोगशाळा नसताना घरी बीम वळताना पाहता येईल का?

येईल, मेम्सशिवाय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात कमी पॉवरच्या वायफाय उपकरणांना परवाना लागत नाही. वायफाय राउटरचे एक आउटपुट स्प्लिटरने दोन सारख्या अँटेनांना द्या, राउटरचे बाकी अँटेना काढून जोडण्या योग्य लोडने बंद करा. दोन अँटेनांत ६.२५ सेंटिमीटर अंतर ठेवा. एका बाजूची केबल सुमारे २ सेंटिमीटरने लांब घ्या. घन पॉलिथिनच्या साध्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये एवढ्या लांबीने ९० अंशांचा विलंब होतो. मोकळ्या मैदानात अर्धवर्तुळात फिरून फोनवर सिग्नलचा जोर नोंदवा, मग लांब केबल दुसऱ्या बाजूला लावून पुन्हा नोंदवा. दोनच घटक असल्याने बीम रुंद असेल, पण त्याचा मध्य एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे सरकलेला स्पष्ट दिसतो. खोलीत करू नका, भिंतींवरून परतलेल्या लहरी सगळे आकडे बिघडवतात.